श्वास बघून पुढं गेलात, आबा

आबा, डोक्यावरचा पदर सारखा करूनच बसलेय. सवय काही जात नाही. पण आज तुमच्याशी सरळ बोलणार आहे. मध्ये अक्का नाहीत आणि 'सांगा त्यांना' नाही. तुमचा दहावा झाला, पै-पाहुणे आपापल्या गावाला गेले, अक्का आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडल्यात. एवढ्या वर्षांचं पोटात साठलेलं बोलायला आता कुठं तोंड उघडावं म्हटलं, तर उत्तर द्यायला तुम्हीच नाही. वा रे वा! शेवटचा शब्दही असा न बोलता स्वतःकडंच ठेवलात.

तुम्ही माझे थोरले दीर, अक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. मी सांगवीत नांदायला आले त्याच दिवशी सासूबाईंनी बजावलं होतं, "थोरल्या दिराम्होरं पदर ढळता कामा न्हाय. त्याच्याशी थेट बोलायचं न्हाय आन् अंगाला हात तर मुळीच लावायचा न्हाय. त्यो बापाच्या जागी हाय." सासूबाई गेल्या. चूल जाऊन गॅस आला. शेजारच्या सुना थोरल्या दिरांच्या मोटरसायकलीवर बसून बाजाराला जायला लागल्या. आपल्या घरात मात्र ती रीत तशीच राहिली. तुम्ही मोडली नाहीत, मग मी कशाला मोडू? दारात आलात की आधी खाकरायचात. मी पदर घ्यायची, मग तुम्ही आत यायचात. "चहात साखर कमी पडलीया," हे तुम्ही अक्कांना सांगायचात, मी तिथंच गॅसपाशी उभी असताना. मग मी अक्कांना म्हणायची, "डाक्टरनंच कमी करायला लावलीया म्हणावं." अक्का बिचाऱ्या नुसत्या इकडून तिकडं मान वळवायच्या. तुम्हाला हसू यायचं, मला ते पाठमोरी असताना कळायचं.

एमआयडीसीतल्या दुधाच्या कारखान्यात तुम्ही सेफ्टीच्या पथकात होतात. रिटायर झाल्यावर माणसं दारू चढवून बसतात किंवा पारावर पत्ते कुटतात. तुम्ही कुठून तरी प्रथमोपचार शिकवायचा तो रबरी पुतळा मागून आणलात आणि देवळाच्या सभामंडपात गावाला गोळा केलंत. बायकांनी पुतळ्याचं नाव 'पाव्हणा' ठेवलं. "पाव्हण्याला आज चा दिला का न्हाय?" अशी सगळी थट्टा चाललेली, आणि तुम्ही मात्र कारखान्यातल्या साहेबासारखे गंभीर. "आधी छाती हलतीय का बघायचं. मग कान लावून ऐकायचं. मग गालाला वारा लागतोय का बघायचं. पडलेल्या माणसाचं डोकं मांडीवर घ्यायचं न्हाय, मान दुमडती आन् वाट बंद हुती. आन् पाणी पाजायचं न्हाय."

पाण्यावरून केवढा गोंधळ झाला होता! एक म्हातारी तर भांडायलाच उठली. "मरत्या माणसाच्या तोंडात पाणी न्हाय घालायचं तर काय घालायचं रं?"

"मरतोय हे तुला कुणी सांगितलं, आत्ये? आधी बघ तर."

त्याच दिवशी तुम्ही आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती कुणी फारशी मनावर घेतली नाही. म्हणालात, लई माणसं एकदम पडली आणि बघणारा एकटाच असला, तर हनुवटी वर करून बघायचं. श्वास आला तर बरं. नाही आला तर पुन्हा एकदा नीट वर करून बघायचं. तरीबी न्हाय आला, तर त्याला तिथंच ठेवायचं आणि पुढच्याकडं जायचं. "असं सोडून कुणाला जाता येतंय व्हय?" मागून कुणीतरी म्हणालं. तुम्ही म्हणालात, "जावं लागतंय." मग सगळे चहाला उठले. मी खांबाआड बसून ऐकलं होतं, म्हणून मला माहीत नव्हतं असं मी कधी म्हटलं नाही. म्हणणारही नाही.

तुमच्यासमोर पुतळ्याला हात लावायला मी काही पुढं आले नाही. घरी आल्यावर मात्र दार लोटून मालकांना कॉटवर आडवं केलं आणि सगळं त्यांच्यावर करून बघितलं. हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. कपाळावर हात, हनुवटीला बोटं, गाल तोंडाशी. त्यांना गुदगुल्या व्हायच्या. "अगं, जिता हाय मी, सोड की!" म्हणत हसत सुटायचे, आणि मी त्यांना चापट मारून परत झोपवायची. तुमचा बाळू, माझा नवरा. हसायला लागला की थांबायचा नाही.

इंदापूरच्या अलीकडं, रस्त्याला लागून ते डाळिंबाचं पॅकिंग शेड होतं. मालक तिथं माल उतरवून घ्यायचं बघायचे, मी बायकांच्यात बसून डाळिंबं निवडायची. त्या दिवशी तुम्ही पांढरे कपडे घालून आला होतात, कारण काटेवाडीच्या पाहुण्यांच्या वास्तुशांतीला तुम्ही दोघं भाऊ तिथूनच जाणार होतात. जेवणं उरकलेली. आभाळ एकाएकी काळंभोर झालं आणि वारा सुटला तो असा की पत्रे उभे राहायला लागले. मालक ओरडले, "बाहेर पळा!" आणि स्वतः आत घुसले, मागच्या बाजूच्या बायकांना बाहेर हाकलायला. बाजूची भिंत आधी आली. मग लोखंडी अँगल, मग पत्रे. मी पडले तेव्हा माझे दोन्ही पाय अँगलखाली होते. हलता येईना, पण सगळं दिसत होतं. नसतं दिसलं तर बरं झालं असतं.

धुरळा बसायच्या आत तुम्ही आलात. तुमच्या वाटेत सगळ्यात आधी मालकच होते.

तुम्ही गुडघे टेकलेत. हात कपाळावर, बोटं हनुवटीखाली. तोंडातली माती आणि विटांचा भुगा बोटानं काढलात. गाल त्यांच्या तोंडाशी नेलात आणि डोळे छातीवर ठेवलेत. मला वाटलं, आता हसतील. गाल जवळ गेला की ते हसायचेच. तुम्ही पुन्हा हनुवटी वर केलीत, पुन्हा गाल नेलात. मग त्यांच्या खांद्यावर एकदा हात ठेवलात आणि उठलात.

"अहो, सोडू नका त्यांना!" मी किंचाळले. 'आबा' अशी हाक नाही मारली. अशा वेळीसुद्धा जीभ ती रीत मोडायला तयार नव्हती, बघा. तुम्ही मागं वळून बघितलं नाहीत.

तोवर समोरच्या हॉटेलातली आणि शेजारच्या रानातली माणसं धावत आली. प्रत्येकाच्या हातात पाणी. तांब्या, जग, बाटली, जे सापडेल ते. आपल्याकडं कुणी पडलं की माणूस आधी पाण्याकडं पळतो. मंगलचा जबडा फुटला होता. डाळिंबं निवडणाऱ्यांतली ती सगळ्यात लहान, नुकतीच लग्न होऊन आलेली. एका बाईनं तिचं डोकं मायेनं मांडीवर घेतलं होतं, दुसरी तोंडात पाणी ओतत होती, आणि मंगलच्या घशातून नुसता गुळगुळ आवाज येत होता.

"पाणी नगा पाजू!" तुमचा तो आवाज मी घरात कधी ऐकला नव्हता. "तोंडात रगत हाय तिच्या, छातीत उतरंल! डोकं खाली ठिवा!" दोन गड्यांना घेऊन मान आणि पाठ एका रेषेत धरून तुम्ही तिला कुशीवर वळवलंत. तोंडातून रक्त, पाणी, दात, सगळं भळाभळा बाहेर आलं. आणि मग तिनं श्वास घेतला. मला तो तिथवर ऐकू आला. पाणी ओतणाऱ्या बाईला तुम्ही तिच्यापाशी बसवलंत. "हिच्या छातीवर डोळा ठिव. थांबली की मला हाक मार. दुसरं कायबी करू नगंस." शेडच्या म्हाताऱ्या वॉचमनला लोक आडवं करायला बघत होते, त्याच्या बरगड्या गेल्या होत्या. "बसू द्या त्याला. बसूनच दम घेतोय त्यो," म्हणून त्याला टेकून बसवलंत. असं एकेकाकडं गेलात आणि प्रत्येकापाशी एकेक माणूस ठेवत गेलात. पाणी घेऊन पळत आलेली सगळी माणसं तुम्ही श्वासाच्या राखणीला बसवलीत.

माझ्या पायावरचा अँगल उचलला तशी मी हातांवर सरपटत मालकांपाशी गेले आणि त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. तुम्ही बघितलंत. कुणाचं डोकं कुणाच्या मांडीवर दिसलं की ओरडणारे तुम्ही, मला काही बोलला नाहीत. तिथं मला कळलं.

त्या दिवशी त्या शेडमधून मालक सोडून कुणी गेलं नाही. मंगल वाचली, वॉचमन वाचला, सगळे वाचले. गावानं चौकात तुमचा फोटो टाकून मोठा फ्लेक्स लावला. तुम्ही विळा घेऊन गेलात, दोऱ्या कापल्यात आणि तो फ्लेक्स आणून कडब्याच्या गंजीवर टाकलात. बरं केलंत. नाहीतर मीच फाडणार होते, पायाला प्लास्टर असलं तरी.

आणि मग आपलं भांडण सुरू झालं. भांडण तरी कसलं, तिघांचं! तुम्ही ताटावर, मी परातीपाशी, आणि मधल्या मध्ये अक्का.

"अक्का, इचारा की त्यांना, अजून जरा बसले असते तर काय बिघडलं असतं?"

"तिला सांग, दोनदा बघितलं. श्वास नव्हता."

"मंग छाती का न्हाय दाबली? देवळात तर त्या पाव्हण्याची लई दाबून दावत हुते!"

"तिला सांग, तितं दाबत बसलो असतो तर ती पोरगी सोताच्या रगतात बुडून मेली असती."

"मंग मरंना का!"

अक्कांनी तोंडाला पदर लावला. तुम्ही मान खाली घालून भाकरी संपवलीत, ताटात हात धुतलेत आणि गोठ्याकडं गेलात. मी तो शब्द परत घेतला नाही. तेव्हा तसंच वाटत होतं, आबा. कुणाची तरी लेक मरावी असं वाटत होतं, म्हणजे माझं माणूस राहिलं असतं. राहिलं असतं की नसतं, कुणाला ठाऊक! पण तेवढीच एक फट होती आणि मी तिच्यात बोट घालून बसले होते.

मला तुमच्याकडून फार काही नको होतं. एकदा 'चुकलं' म्हणा, नाहीतर रडा तरी. सख्खा भाऊ गेला आणि डोळ्यांत टिपूस नाही! हे मी अक्कांना मुद्दाम तुम्हाला ऐकू जाईल असं म्हणायची. त्यावर तुम्ही एकदाच उत्तर दिलंत, तेही मी फारच टोचलं म्हणून. "तिला सांग, परत तशी येळ आली तर परत मी त्येच करीन." त्यानंतर कितीतरी दिवस मी तुमचं ताट आपटून ठेवत होते. तुम्ही निमूट जेवत होतात. कधी तरी उलटून बोलायचं होतंत! बोलणाऱ्याशी भांडता येतं.

आणि भांडत असताना तुम्ही माझ्यासाठी काय काय करत होतात, तेही मला दिसत होतं. मी काही आंधळी नव्हते. पायाचं प्लास्टर निघेपर्यंत न्हाणीत धरायला पाईप बसवून घेतलात. पायरीला उतार करून घेतलात. माझ्या लेकाची परीक्षा होती तेव्हा रोज त्याला बारामतीला सोडायला गेलात आणि पेपर सुटेपर्यंत बाहेर झाडाखाली बसून राहिलात. ऊस तुटून गेला की माझ्या रानाच्या पाचटाचं आधी बघायचात, मग तुमच्या. हे सगळं कुणी कुणाला सांगितलं नाही. मी आभार मानले नाहीत, आणि अक्कांच्या तोंडून निरोप पाठवावा असं ते नव्हतं. आज म्हणते. लई केलंत तुम्ही.

मंगल अधूनमधून यायची. तिचा जबडा जरा वाकडाच बसला, भाकरी दुधात कुस्करून खाते. ती आली की मी काहीतरी निमित्त काढून गोठ्याकडं जायची. तिचा काय दोष होता? काडीचा नाही. पण माझ्याच्यानं तिच्याकडं बघवायचं नाही. मागं ती तिची तान्ही लेक घेऊन आली होती. तुम्ही त्या पोरीला मांडीवर घेतलंत, आणि ती झोपली तर तिच्या पोटाकडं टक लावून बघत बसलात, वर जातंय, खाली येतंय. मी खिडकीतून बघितलं आणि मागं फिरले. त्या दिवशी काहीतरी बोलायला हवं होतं. काय, ते मला तेव्हाही कळलं नाही.

मग तो शेवटचा दिवस. अक्का लेकीकडं बारामतीला गेलेल्या. सकाळी धारा काढायची वेळ. गोठ्यात बादली आपटल्याचा आवाज झाला आणि गाय हंबरली. मी हात पुसत गेले, तर तुम्ही गव्हाणीपाशी उताणे.

"आबा!" म्हटलं. लग्न होऊन आल्यापासून तोंडावर मारलेली ती पहिली हाक. तुम्ही ओ दिली नाहीत.

हात पुढं केला आणि थांबला. काय सांगू, अशा वेळी सासूबाई आठवल्या! म्हटलं, खड्ड्यात गेली रीत. गुडघ्यावर बसले. तुमच्या कपाळावर हात ठेवला, हनुवटी वर केली, गाल तोंडाशी नेला. छाती हलत नव्हती. घशातून एक आचका आला. असा आचका म्हणजे श्वास नव्हे, हे तुमचंच शिकवणं. मग मी दाबायला लागले. पदर कुठं गेला ते कळलं नाही.

शेजारचे सोपानतात्या धावत आले, हातात तांब्या. "सूनबाई, पाणी घाल गं तोंडात, शेवटचं!"

"पाणी नगा, तात्या! गाडीला फोन करा!"

तात्यांनी फोन केला आणि परत येऊन तुमचं डोकं उचलून मांडीवर घ्यायला लागले. त्यांच्यावरही ओरडले. ते म्हातारे रडत रडत बाजूला उभे राहिले. मी दाबत होते आणि बोलत होते. तोंडाला येईल ते. उठा की. असं मधीच जाता व्हय? भांडण मिटलं का आपलं? उठा, मला अजून लई बोलायचंय, उठा म्हणते ना! तुमच्याशी जेवढं थेट बोलले ते तेवढंच, आणि तुम्ही त्यातलं काही ऐकलं असेल असं मला वाटत नाही.

गाडी आली. त्यातला माणूस म्हणाला, "ताई, सोडा, आता आमी बघतो." मी सोडलं नाही. तो परत म्हणाला. मला ऐकू येत होतं, पण हात काही निघेनात. मग त्यानं एका बाजूनं आणि तात्यांनी दुसऱ्या बाजूनं धरून मला मागं ओढलं. त्यांनी आपलं सगळं केलं, बारामतीला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी अक्कांना बाजूला घेऊन काय सांगायचं ते सांगितलं.

तुम्ही गेला होतात हे मला दाबता दाबताच कळलं होतं, आबा. तळहाताला कळतं ते. तरी मी थांबले नाही. ज्या माणसावर मी एवढी वर्षं धुमसले, त्याच्यापासून मला दोघांनी धरून उठवावं लागलं. आणि त्या गोठ्यात दुसरं कुणीही पडलेलं नव्हतं. कुणाच्या घशात रक्त गुळगुळत नव्हतं. मला कुणाकडं जायचंच नव्हतं.

माझा राग गेला असं मी म्हणणार नाही, खोटं कशाला बोलू? पण दहाव्याला मंगल आली तेव्हा मी उठून गेले नाही. ती माझ्याजवळ बसून रडत होती आणि मी तिच्या पाठीवर हात ठेवला. हाताखाली तिचा श्वास लागत होता. तेव्हा तुम्ही डोळ्यांपुढं आलात. धुरळ्यात गुडघे टेकलेले, बाळूच्या खांद्यावर हात ठेवलेले. तुमच्या खांद्यावर बसून शाळेत गेलेला तो भाऊ. तिथं तुम्हाला दोन्ही बाजूंनी धरून ओढणारं कुणी नव्हतं. मी तर उलट सोडू नका म्हणून ओरडत होते. तरी तुम्ही आपले आपण उठलात.

का उठलात, हे मी तुम्हाला इतकी वर्षं विचारत राहिले. कसे उठलात, आबा, हे कुणीच विचारलं नाही.